आधी वाचनं कशी निवडली ते बघ

प्रिय पोरी,

सप्रेम आशीर्वाद.

मिस्सेतल्या, म्हणजे कॅथोलिक चर्चमधल्या उपासनेतल्या, रोजच्या बायबल-वाचनांवरचं चिंतन लिहायचं काम तुझ्याकडे आलं, हे ऐकून बरं वाटलं. पाठवलेला मजकूर वाचला. भाषा स्वच्छ आहे, उगाच जड शब्द नाहीत. एक गोष्ट मात्र खटकली. प्रत्येक चिंतनात तू पहिलं वाचन (बहुधा जुन्या करारातलं) आणि शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातलं वाचन) यांची गाठ मारतेस. कधी ती सहज बसते, कधी इतकी ओढून बसवलेली असते की वाचणाऱ्याला तुझी धडपड दिसते, वचन दिसत नाही. रोज गाठ मारायलाच हवी, असं तुला कुणी सांगितलं?

बहुतेकांचा हाच समज असतो. चार वाचनं एका पानावर छापलेली दिसली की ती एकाच विषयाची असणार, असं आपण धरून चालतो. तसं नाही. काही दिवशी ती मुद्दाम जुळवलेली असतात, काही दिवशी अजिबात नाही. कोणत्या दिवशी काय, ते एकदा समजून घेतलंस की निम्मं काम हलकं होईल.

थोडं मागे जाते गोष्ट. डिसेंबर १९६३ मध्ये कॅथोलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर केला. बायबलचा खजिना भाविकांसाठी अधिक मोकळा करा आणि ठरावीक वर्षांत पवित्र शास्त्राचा महत्त्वाचा भाग लोकांच्या कानांवर पडू द्या, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. तोवर रविवारची वाचनं दरवर्षी तीच ती यायची आणि जुन्या कराराच्या वाट्याला फारच थोडी जागा होती. १९६९ साली नवा वाचनग्रंथ, म्हणजे कोणत्या दिवशी काय वाचायचं ते ठरवून देणारा ग्रंथ, आला, १९८१ साली त्याची दुसरी आवृत्ती. आपण आज वापरतो ती रचना हीच.

रविवारचं चक्र तीन वर्षांचं. अ वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान, ब वर्षी मार्काचं, क वर्षी लूकाचं. योहानाला स्वतःचं वर्ष नाही, पण मोठे सण, प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचा) आणि पुनरुत्थानकाळ (ईस्टरपासूनचा) यांत तो भरून राहिलेला आहे. शिवाय मार्क आटोपशीर असल्यामुळे ब वर्षी सामान्य काळाच्या, म्हणजे सणांच्या काळांबाहेरच्या आठवड्यांच्या, सतराव्या ते एकविसाव्या रविवारी योहानाचा सहावा अध्याय, म्हणजे जीवनाच्या भाकरीचा, वाचला जातो. सन तीनने भागला गेला की क वर्ष, एवढं लक्षात ठेव. फक्त उपासना वर्ष आगमनकाळापासून, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांपासून, सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरात पुढच्या सनाचा हिशेब धरायचा.

सामान्य काळातल्या रविवारी पहिलं वाचन शुभवर्तमानाकडे बघूनच निवडलेलं असतं. तिथे जोड शोध, हमखास सापडेल. दुसरं वाचन मात्र स्वतंत्र चालतं. पौलाचं एखादं पत्र आठवड्यामागून आठवडे ओळीने पुढे सरकत असतं, त्याला त्या दिवशीच्या शुभवर्तमानाशी काही देणंघेणं नसतं. तिन्ही वाचनं एका दोरीत ओवण्याचा हट्ट तिथेच सोडून दे.

सामान्य काळातल्या इतर वारी तर दोन प्रवाह शेजारून वाहतात. शुभवर्तमान दरवर्षी तेच: नवव्या आठवड्यापर्यंत मार्क, दहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत मत्तय, बाविसाव्यापासून शेवटपर्यंत लूक. पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्राचं, विषम सनाला एक आणि सम सनाला दुसरं. म्हणजे विषम सनाला ज्या शुभवर्तमानाशेजारी इब्री लोकांस पत्र येतं, त्याच शुभवर्तमानाशेजारी सम सनाला शमुवेल येतो. मग त्या दोघांचा एक ‘संदेश’ कसा असेल?

एक दिवस जवळून बघ. सम सनातला, सामान्य काळाच्या तिसऱ्या आठवड्यातला शुक्रवार. पहिलं वाचन शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातलं: दावीद गच्चीवरून बथशेबाला बघतो, तिला आणवतो, ती गरोदर राहते, आणि दावीद तिच्या नवऱ्याला, उरियाला, लढाईच्या तोंडावर उभा करून मारवतो. शुभवर्तमान मार्काचं: माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि बी कसं रुजतं हे त्याला कळतही नाही. मग मोहरीचा दाणा. या दिवशीचं ‘पापाचं बी मनात कसं वाढतं’ या थाटाचं चिंतन तू कधीतरी वाचलं असशील. ऐकायला बरं वाटतं. पण येशूने तो दाखला देवराज्यासाठी सांगितला आहे, आणि त्यातलं आश्वासन असं की वाढ आपल्या हातात नाही, देवाच्या हातात आहे. ते आश्वासन दावीदाच्या पापाला जोडण्यासाठी खर्ची घातलं की दोन्ही वाचनं वाया गेली. त्या दिवशी एकच वाचन घे. दुसरं उद्यासाठी नाही, पुढच्या खेपेसाठी राहू दे. ते पुन्हा येणार आहे.

दावीद घेतलास तर अध्याय उघडून सलग वाच. वाचनग्रंथ त्या दिवशी काही ओव्या गाळतो, आणि गाळलेल्यांतच उरियाचं उत्तर आहे. दावीद त्याला घरी जायला सांगतो, तो जात नाही. म्हणतो, कराराचा कोश तंबूत आहे, माझे सोबती उघड्या मैदानात पडले आहेत, मी घरी जाऊन खाऊपिऊ आणि बायकोजवळ निजू कसा? त्या सगळ्या गोष्टीत उरियाच्या तोंडी एवढंच बोलणं आहे. तो हित्ती, परक्या वंशाचा. आणि इस्राएलच्या राजाला जी चाड राहिली नाही ती त्याला आहे. चर्चमध्ये हे ऐकू आलेलं नसतं. तुझ्या चिंतनातून ते लोकांपर्यंत पोचलं तर तू खरंच काहीतरी दिलंस. म्हणून नियमच कर: संदर्भात स्वल्पविराम दिसला की मधल्या ओव्या काढून वाचायच्या.

आता त्याच दिवसाचं स्तोत्र. प्रतिसाद स्तोत्र हा पहिल्या वाचनाला दिलेला प्रतिसाद असतो, तिथली जोड खरी असते. शुक्रवारी येतं एक्कावन्नावं, दावीदाच्या पश्चात्तापाचं म्हणून परंपरेने ओळखलं जाणारं. पण कथेत दावीदाला अजून पश्चात्ताप झालेलाच नाही! त्याला त्याचं पाप दाखवणारा नाथान संदेष्टा शनिवारच्या वाचनात येतो. दावीद अजून कारस्थान पचवून बसलाय आणि ख्रिस्तसभा (चर्च) त्याच्या वतीने एक दिवस आधीच क्षमा मागते आहे. शनिवारी तेच स्तोत्र पुढे चालू राहतं. यावर लिहायला मला कधीच कंटाळा येणार नाही.

आणि ज्याला मी खरी गाठ म्हणतो ती वेगळ्याच ठिकाणी सापडते. १७ डिसेंबरला मत्तयाची वंशावळ वाचली जाते. ती नावांची रांग आली की लोक डोळे मिटतात आणि चिंतन लिहिणारे घाईने पुढे सरकतात. तिथे मत्तय लिहितो, दावीदाला उरियाच्या पत्नीपासून शलमोन झाला. बथशेबाचं नाव तो घेत नाही, मारल्या गेलेल्या नवऱ्याचं घेतो. येशूच्या पूर्वजांच्या यादीत त्याने तो खून झाकलेला नाही. ही गाठ शास्त्रानेच मारलेली आहे. तुला फक्त बोट दाखवायचं आहे.

सणांच्या काळांचं गणित निराळं. आगमनकाळाच्या सुरुवातीला यशया पुढे चालतो आणि शुभवर्तमान त्याच्या मागून येतं. दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारपासून योहान बाप्तिस्ता पुढे होतो. १७ तारखेपासून सगळा रोख प्रभूच्या जन्माकडे. नाताळचं चिंतन गोडगोड करू नकोस. गव्हाणीच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याला, स्तेफनला, दगडांनी मारलं जातं आणि २८ ला हेरोद बेथलेहेमातली बालकं कापतो. ख्रिस्तसभेने हे सण पाळण्याला इतकं खेटून ठेवले आहेत आणि आपण मात्र पूर्ण आठवडा चांदण्या आणि घंटा लिहीत बसतो.

प्रायश्चित्तकाळात जोड शोधायला तुला पूर्ण मुभा, कारण इथे रोजची दोन्ही वाचनं एकमेकांकडे बघून निवडलेली आहेत. पहिल्या आठवड्याचा सोमवार घे. जुन्या करारातलं लेवीय हे पुस्तक म्हणतं: मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नकोस, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नकोस, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नकोस. आणि मत्तयात राजा मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो: मी भुकेला होतो. इथे तुला काही जुळवावं लागत नाही, मजुरी थकवणारा माणूस समोर उभाच राहतो. राखेच्या बुधवारी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, तर वचन आणि विधी यांतच ताण आहे. उपास करताना तोंड धू, लोकांना दिसू देऊ नकोस, असं येशू सांगतो. आणि ते ऐकून आपण कपाळाला राख लावून बाहेर पडतो. हा ताण सोडवून टाकू नकोस, वाचकाला तो जाणवू दे.

चौथ्या आठवड्याच्या सोमवारपासून योहान ओळीने सुरू होतो आणि वातावरण तापत जातं. पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तीन दिवशी यशयातली देवाच्या सेवकाची गीतं आहेत आणि शुभवर्तमानात तिन्ही दिवशी येशूला पकडून देणारा यहूदा इस्कार्योत. सोमवारी तो मरियेच्या सुगंधी तेलाची किंमत काढतो, तीनशे दिनार. मंगळवारी घास घेऊन बाहेर जातो, आणि योहान पुढे इतकंच लिहितो: तेव्हा रात्र होती. बुधवारी मत्तयात चांदीच्या तीस नाण्यांचा सौदा. ही तीन चिंतनं सुटी लिहू नकोस, एका बैठकीत लिही.

इथे एक सावधगिरी, आणि यात तडजोड नको. योहान सारखा ‘यहूदी’ म्हणतो. त्याचा अर्थ सगळा यहूदी समाज असा घेऊन शतकानुशतकं त्या लोकांवर अन्याय झाला. ऑक्टोबर १९६५ मध्ये ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात परिषदेने स्पष्ट केलं की प्रभूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येत नाही. येशू, मरिया, प्रेषित, सगळे यहूदीच होते. गुड फ्रायडेच्या चिंतनात विरोधकांबद्दल लिहिताना ‘काही पुढारी’ म्हण, जमात म्हणून बोलू नकोस.

पवित्र शनिवारी दिवसा मिस्सा नसते. चार ओळी पुरेत, किंवा नाहीच लिहिलंस तरी चालेल. रात्रीच्या जागरण विधीला मात्र जुन्या करारातली सात आणि नव्यातली दोन वाचनं आहेत. सात कमी करता येतात, पण तांबड्या समुद्रातून पार होण्याचं, निर्गममधलं, कधीच गाळायचं नाही. वेळ थोडा असेल तर त्याच्यावरच लिही.

पुनरुत्थानकाळ पन्नास दिवसांचा आहे, हे लिहिणारे पहिला आठवडा संपला की विसरतात. त्या दिवसांत पहिलं वाचन जुन्या करारातून नसतं, प्रेषितांची कृत्ये चालू असतात. ती तू कथेसारखी पुढे ने. विधवांना रोजच्या वाटपात डावललं म्हणून कुरकुर होते, प्रेषित सात माणसं नेमतात. तरुण मंडळाच्या बैठका तू पाहिल्याच आहेस, त्यामुळे हे वाचन तुला कुणी समजावायला नको.

दोन व्यावहारिक अडचणी येतील. पहिली, स्तोत्रांचे क्रमांक. हिब्रू आणि ग्रीक मोजणीत मधल्या बऱ्याच स्तोत्रांत एकाचा फरक पडतो, त्यामुळे क्रमांकापेक्षा ओळी ताडून बघ. दुसरी, तोबीत, बेनसिरा, मक्काबी या पुस्तकांतली वाचनं विषम सनात ओळीने येतात. घरातलं बायबल सहासष्ट पुस्तकांचं असेल तर ती त्यात मिळणार नाहीत, त्र्याहत्तर पुस्तकांचं कॅथोलिक बायबल जवळ ठेव. संतांच्या स्मरणदिनी संतचरित्राने वाचन गिळू देऊ नकोस. बहुतेक स्मरणदिनी वाचनं त्या वाराचीच असतात. आणि संतांच्या नावावर फिरणारी सुवचनं उचलू नकोस. ‘मला तुझ्या शांतीचं साधन कर’ ही प्रार्थना असिसीकर फ्रान्सिसची म्हणून जगभर म्हटली जाते. ती १९१२ साली एका फ्रेंच नियतकालिकात पहिल्यांदा छापून आली. फ्रान्सिस वारला १२२६ ला.

लिहिण्याबद्दल फार सांगत नाही, ते तुला येतं. आदल्या संध्याकाळी वाचनं मोठ्याने वाच. जिथे जीभ अडखळते किंवा मन म्हणतं ‘हे मला पटत नाही’, तिथून सुरुवात कर. आणि ते शेवटचं ‘चला तर मग, आज आपणही…’ काढून टाक. तुझ्या प्रत्येक चिंतनाच्या शेवटी ते आहे. वाचक सकाळी कामाच्या घाईत असतो, त्याला रोज एक नवा संकल्प नको असतो. वचन नीट ऐकू आलं तर काय करायचं ते त्याचं त्याला कळतं.

आता एक काम देतो. येत्या आठवड्याची सगळी वाचनं काढ. चिंतन लिहू नकोस. प्रत्येक दिवसापुढे फक्त एवढं नोंदव: जोड आहे की नाही, असेल तर कुणाची कुणाशी, आणि गाळलेल्या ओव्यांत काय आहे. रविवारी मिस्सा झाली की कागद घेऊन ये.

तुझे,
सर