ज्युनियर घोषणेला तोंडच उघडत नाहीत, त्याबद्दल

'आम्ही दहा जण घसा फाटेस्तोवर ओरडतो आणि समोरच्या नव्या मुलांतून हूं की चूं नाही, यांना शाळेबद्दल काही वाटतच नाही,' हे तू लिहिलेलं वाचलं आणि शेवटच्या वर्षातली मीच मला आठवले. नव्या मुलांचं ओरिएंटेशन, म्हणजे स्वागताचा आणि ओळखीचा कार्यक्रम, माझ्याकडे होतं आणि यांच्यात जोश भरायचाच असा मी चंग बांधला होता.

वेळापत्रक, बिल्ले, माइक हे तुमचं झालंच असेल, त्यात शिरत नाही.

आमचं घोडं अडलं ते यादीपाशी. प्रवेश उशिरापर्यंत चालू होते आणि पक्की यादी ज्या कार्यालयाकडे होती (नाव घेत नाही) त्यांनी ती काही केल्या दिली नाही. या खिडकीवरून त्या खिडकीवर. 'सोमवारी या.' सोमवारी गेलं तर, 'तुम्ही विद्यार्थी ना? मग तुम्हाला कशाला हवी यादी?' इथवर चूक त्यांची. पुढची माझी. हातात होती तेवढ्या नावांचे गट पाडले, गटांना नावं दिली, झेंडे रंगवले. ऐन सकाळी यादीत नसलेली सोळा मुलं दारात उभी! मी एक पुठ्ठा घेतला, जाड मार्करनं त्यावर 'उरलेले' लिहिलं आणि त्यांना मागच्या रांगेत बसवलं. तात्पुरतं म्हणून.

पुठ्ठा दुपारीच फेकला, नाव मात्र चिकटलं. सहा महिन्यांनी नाटकाच्या तालमीला एक मुलगी आली. तुझा गट कोणता, विचारलं तर म्हणाली, 'मी उरलेल्यांतली.' अगदी सहज, कुरकुर नाही की काही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा आधी हे कर: प्रत्येक गटात दोन-तीन जागा मुद्दाम रिकाम्या ठेव आणि कोरे बिल्ले जवळ असू देत. यादीसाठी एका शिक्षकांच्या सहीनं लेखी अर्ज दे, पोच घे आणि कामाला लाग, खेटे घालू नकोस. (तुमच्याकडची पद्धत वेगळी असू शकते, ते बघून घे.)

आता घोषणा. तुम्ही दहा जण समोर ओळीत उभे राहता ना? मग ती मुलं प्रेक्षकच होणार. त्यांच्यात मिसळून उभे राहा. शाळेचं गाणं असेल तर एका वेळी दोनच ओळी, त्याही हळू आवाजात. २००९ मध्ये विल्टरमथ आणि हीथ या संशोधकांनी दाखवलं होतं की एका तालात चाललेली किंवा एकत्र गायलेली माणसं नंतर एकमेकांना जास्त सहकार्य करतात. आता तुम्ही ओरडणार आणि ते ऐकणार, यात 'एकत्र' काय आहे?

तुमच्यातलाच कुणी म्हणेल, थोडं पिळलं की नाळ जुळते. आमच्यात एक होता, तो १९५९ चा अ‍ॅरनसन आणि मिल्सचा प्रयोग तोंडावर फेकायचा: गटात शिरायला ज्या मुलींना जास्त लाजिरवाणी चाचणी द्यावी लागली, त्यांना नंतरची रटाळ चर्चा जास्त आवडली. प्रयोग खरा आहे. पण चर्चा रटाळच होती की! इतकं सोसलं ते फुकट कसं म्हणायचं, म्हणून मनानं घातलेली ती समजूत. तिच्यावर शाळेचं प्रेम उभं करायचं? मला नाही पटत. मी काही मानसशास्त्राची जाणकार नाही, पण पिळवटून घेतलेली मुलं पुढच्या वर्षी कुणाला पिळायला उभी राहतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणखी एक, जरा अवांतर. गटप्रमुख म्हणून गेल्या वर्षीच्या नव्या मुलांना पुढे कर, तुम्ही मोठ्यांनी खुर्च्या लावा. पहिल्या दिवशी कुठे हरवायला होतं आणि कुठल्या मजल्यावरचं स्वच्छतागृह सापडत नाही, हे त्यांना अजून आठवत असतं. आणि मोबाइलवर शूटिंग नको. आमचा एक हौशी मुलगा फोन उंचावून गर्दीत शिरला की पुढच्या चार रांगा गप्प व्हायच्या.