सकाळची भाकर संध्याकाळी उलटीत: पित्ताच्या पलीकडे पाहा

भाऊ, तुम्ही लिहिलेलं थोडक्यात असं: वडिलांना 14 वर्षांपासून शुगर, 30/70 इन्सुलिन (30 भाग जलद, 70 भाग संथ असं मिश्रण) दोन वेळा. चार घासांत पोट डब्ब होतं, सकाळी 9 ला खाल्लेली भाकर संध्याकाळी उलटीत जशीच्या तशी पडते. जेवल्यावर दोन तासांनी साखर 68, मध्यरात्री 290. पित्ताच्या गोळ्यांनी फरक नाही.

हे आकडेच सगळं सांगतात. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की जठर हलवणारी व्हेगस नस खराब होते. जठर दळत नाही, पुढे ढकलत नाही. याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. 30/70 मधला जलद भाग दोन ते चार तासांत जोरात काम करतो, अन्न मात्र अजून जठरातच. म्हणून आधी साखर पडते, अन्न रात्री उतरलं की चढते. आणि चढलेली साखर जठराला आणखी मंद करते.

तरी आधी एंडोस्कोपी करून घ्या. अल्सरमुळे किंवा गाठीमुळे जठराचं खालचं तोंड अडलं असलं तरी अशाच उलट्या होतात. ती वाट मोकळी निघाली तर नागपूरसारख्या ठिकाणी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात, खाल्लेलं अन्न जठरात किती उरतं हे मोजणारी चार तासांची तपासणी होते. चार तासांनी 10 टक्क्यांहून जास्त अन्न उरलं, तर निदान पक्कं. त्या दिवशी साखर फार चढलेली नको, नाहीतर निकाल फसवा येतो.

आता खाणं, आणि इथेच घोळ होतो. शुगरवाल्याला सगळे कोशिंबीर, मोड आलेली मटकी, मेथीदाणे, इसबगोल सांगतात. या जठराला तेच जड. चोथा साचून त्याचा गोळाही होतो. संत्र्याच्या हंगामात फोडी सालासकट गिळू देऊ नका. अंबाडीची भाजी, गवार, तर्रीवरचं तेल, सावजी मटण बंद. त्याऐवजी तुरीचं घोटलेलं पातळ वरण, मऊ भात, ज्वारीच्या बारीक कण्या ताकात, सोललेला दुधी शिजवून घोटून. दोन मोठ्या जेवणांचे पाच-सहा छोटे भाग करा. पातळ अन्न बिघडलेल्या जठरातूनही बऱ्यापैकी उतरतं, हा मोठा आधार. जेवून लगेच आडवं होणं नको, अंगणात शतपावली बरी. तंबाखू, खर्रा सुटला तर उत्तम (सांगणं सोपं, मान्य).

साखर 70 खाली गेली तर बिस्कीट किंवा पेढा देऊ नका, तो जठरातच बसेल. ग्लुकोज पावडरचे तीन सपाट चमचे पाण्यात, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा.

इन्सुलिन स्वतःहून कमी-जास्त करू नका. चार-पाच दिवस जेवणाआधी, मग 2 आणि 4 तासांनी साखर वहीत लिहा, घास किती गेला तेही. ती वही पाहून डॉक्टर इन्सुलिनचा प्रकार किंवा वेळ बदलतील; काहींना जलद इन्सुलिन जेवणानंतर दिलं जातं. सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड (ही शुगरचीच औषधं) किंवा ट्रामाडॉल (दुखण्यावरची गोळी) चालू असेल तर आवर्जून सांगा, ही औषधं जठर मंद करतात. मेटोक्लोप्रामाइड (उलटी थांबवणारं, जठर हलवणारं औषध) दुकानातून आणून महिनोन्‌महिने चालवू नका. तोंडाच्या, जिभेच्या नकळत हालचाली सुरू होतात आणि कधी कधी राहूनच जातात. डोमपेरिडोन या तशाच औषधाआधी ईसीजी काढलेला बरा.

पाणीही टिकत नसेल, श्वास जोरात चालत असेल, किंवा उलटीत रक्त दिसलं, तर तालुक्याला थांबू नका, थेट जिल्हा रुग्णालय गाठा. आणि जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद ठेवलं असेल, तर ते पोचल्या पोचल्या सांगा.