एक्डिसियास्ट, कात आणि कंचुक

प्रश्न असा आहे: अमेरिकन पत्रकार एच. एल. मेंकेन यांच्याविषयी वाचताना त्यांनी घडवलेला ‘एक्डिसियास्ट’ हा शब्द भेटला. स्ट्रिपटीज, म्हणजे एकेक कपडा उतरवत केलेला नाच, करणाऱ्या नर्तकीसाठी तो आहे. मराठीत ‘कात टाकणारी’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘कात टाकणे’ला मराठीत चांगल्या अर्थाचा वास आहे. बाजारपेठेने कात टाकली, शाळेने कात टाकली म्हणजे तिचं रूप पालटलं, तिला तरतरी आली. ‘कात टाकणारी नर्तकी’ वाचून त्या बाईने जुना धंदा सोडला असंच वाटेल.

शब्द जन्मला १९४० साली. जॉर्जिया सदर्न या नर्तकीच्या नावाने मेंकेनना पत्र आलं. ‘स्ट्रिपटीज’ शब्दामुळे लोक आमच्या कामाला नाकं मुरडतात, एखादा भारदस्त शब्द द्या, अशी विनंती होती. पत्र बरोबर पत्त्यावर गेलं होतं. बाल्टिमोरच्या या वार्ताहराने १९१९ साली अमेरिकन इंग्रजीवर जाडजूड ग्रंथ लिहिला होता आणि पुढे आयुष्यभर तो वाढवत नेला. जागांचे दलाल स्वतःला ‘रिअल्टर’ म्हणवतात, अंत्यविधीचं काम करणारे ‘मॉर्टिशियन’ होतात, याची टिपणं ते मोठ्या आवडीने ठेवत आणि त्यावर तुटूनही पडत. आपल्याकडे न्हाव्याच्या दुकानावर ‘केशकर्तनालय’ अशी पाटी लागते, त्याच जातीचा हा प्रकार.

मेंकेन प्राणिशास्त्राकडे गेले. साप, किडे, खेकडे कात टाकतात त्याला ‘एक्डिसिस’ म्हणतात, त्यावरून एक्डिसियास्ट. गंमत अशी की मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच अंगावरचं उतरवणं असा आहे. कपड्यांचा शब्द शास्त्रज्ञांनी कातडीला लावला आणि मेंकेननी तो पुन्हा कपड्यांकडे आणला. जिप्सी रोझ ली या त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या स्ट्रिपटीज नर्तकीला मात्र तो पटला नाही. शब्दकोशांनी तो ठेवून घेतला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मागितल्यावर एका नर्तकीला असा मानाचा शब्द देणाऱ्या या माणसाने स्वतःच्या रोजनिशीत ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांबद्दल हलके शब्द वापरले. ती रोजनिशी १९८९ साली छापली गेली तेव्हा त्यांच्या चाहत्यांना मोठा धक्का बसला. कारण याच मेंकेननी जॉर्ज स्कायलरसारख्या कृष्णवर्णीय लेखकांना आपल्या मासिकात जागा दिली होती, झुंडबळींविरुद्ध लिहिलं होतं. नोव्हेंबर १९४८ मधल्या त्यांच्या शेवटच्या वृत्तपत्रीय लेखातही, गोऱ्या-काळ्यांनी एकत्र टेनिस खेळू नये या बाल्टिमोरच्या नियमावर हल्ला होता. त्यानंतर काही दिवसांतच पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचं लिहिणं-वाचणं गेलं. ज्याचं सगळं जगणं शब्दांवर होतं, त्याला १९५६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तसं राहावं लागलं. हे वाचताना मला फार वाईट वाटतं.

आता मराठीचं. ग्रीकमध्ये जसा कातडी आणि कपडा एका शब्दात आला, तसा आपल्याकडेही आहे: कंचुक. सापाची कात म्हणजे कंचुक, आणि अंगातली चोळीही कंचुकच. अमरकोशात कातेसाठी ‘समौ कञ्चुकनिर्मोकौ’ असे दोन शब्द जोडीने दिलेत. त्यामुळे ‘कंचुकमोचिनी’ हा शब्द अर्थाने अगदी चपखल बसतो. पण मेंकेनच्या शब्दाची खरी ताकद अशी की ऐकणाऱ्याला तो पटकन कळत नाही. इंग्रजी कानाला तो चर्चशी, धर्माशी नातं सांगणाऱ्या शब्दासारखा लागतो. ‘कंचुकमोचिनी’त सगळं उघडच पडतं.

म्हणून मी दुसरा शब्द घेईन: निर्मोकिनी. जीवशास्त्राच्या मराठीत कात टाकण्याला ‘निर्मोचन’ म्हणतात, तेव्हा शास्त्राचा धागाही सुटत नाही. उच्चार योगिनी, तपस्विनी यांच्या पंगतीत बसणारा, त्यामुळे मूळ शब्दाचा तो धार्मिक भास आपोआप येतो. अनुवादात पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच खुलासा करा: “साप टाकतो त्या कातेला निर्मोक म्हणतात, त्यावरून मेंकेननी या नर्तकींना निर्मोकिनी म्हटलं.” नर्तक पुरुष असेल तर निर्मोकी, आणि त्या कलेला निर्मोकनृत्य.