गिरणीच्या गावाचा इतिहास: सुरुवात कुठून करावी

अख्ख्या गावाचा इतिहास एकदम हाती घेऊ नका, आधी फक्त गिरणी धरा. ती कुणाची होती, कधी विकली गेली, हे जमिनीच्या खरेदीखतांतून कळतं. मालक बदलला की गिरणीचं नावही अनेकदा बदलायचं, आणि एकाच गिरणीच्या दोन गिरण्या समजण्याची चूक नवखे हमखास करतात. म्हणून नावं आणि सालं यांची एक वेगळी वही पहिल्या दिवसापासून ठेवाच.

मग जुना नकाशा घेऊन नदीकाठानं चाला. पाण्यावरची गिरणी पाण्याला उतार मिळेल तिथेच उभी राहायची. इंग्लंडमध्ये क्रॉमफर्ड गावी रिचर्ड आर्कराइट या उद्योजकानं १७७१ मध्ये अशीच पाण्यावरची सूतगिरणी काढली, कामगारांची घरं नंतर बांधली. इमारत पडली तरी बंधाऱ्याच्या आणि पाटाच्या खुणा बऱ्याचदा उरतात. हे चालणं टाळू नका, फार शिकवतं ते.

दोन चुका मात्र नकोत:

- वयस्कर माणसांच्या भेटी पुढे ढकलणं. कागद नंतरही बघता येतील.
- ऐकीव साल तसंच लिहिणं. आगीची, पुराची आठवण खरी असते, वर्ष सरकलेलं असतं. त्या काळच्या वर्तमानपत्रांशी ताडून बघा.

यंत्रं आणि वंशावळी सध्या राहू द्या. पहिल्या नोंदी जमल्या की जरूर दाखवा.