तुमचे प्रश्न : मराठी स्पेलचेकरच्या प्रोजेक्टला विकी हवाय, कुठला घेऊ?

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही पाच-सहा जण मिळून लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरसाठी मराठीची हनस्पेल (स्पेलिंग तपासणारी) डिक्शनरी करतोय, कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आहे. पण प्रत्ययांचे नियम, कुठला शब्द घ्यायचा, कुठला नाही ही सगळी चर्चा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होते आणि नवीन माणूस आला की परत तेच विचारतो. ग्रुपमध्ये तीन मराठीच्या शिक्षिका आहेत, त्यांचं काम सगळ्यात मोलाचं, पण गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) म्हटलं की त्या मागे सरतात. म्हणून विकी, म्हणजे सगळ्यांना मिळून पानं लिहिता-सुधारता येतील अशी साइट, टाकायचं ठरलंय. एक जण म्हणतो मीडियाविकीच घ्या, विकिपीडिया त्यावर चालतो. दुसरा म्हणतो गिटहबचा फुकट आहे की. आमच्याकडे साधं शेअर्ड होस्टिंग आहे. शिवाय लायसन्सचं काय करायचं तेही सांगा.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : विकी हवाच, आणि तो हवाय या तीन बाईंसाठी. प्रत्ययाचा नियम फाइलमध्ये तुम्ही लिहाल हो, पण 'घोडा'चं 'घोड्याला' होतं आणि 'राजा'चं 'राजाला'च राहतं, असे अजून कुठले शब्द आहेत, हे त्यांनाच माहीत. ते चॅटमध्ये वर सरकलं की गेलंच. म्हणून निवडताना आधी एवढंच बघा की त्यांना लॉगिन करून चुकलेली एक ओळ कोणाला न विचारता दुरुस्त करता येते का. फीचर्सचे तक्ते नंतर.

गिटहबचा विकी वाईट नाही. तो आतून वेगळी गिट रिपॉझिटरीच (फाइलींचा साठा, थोडक्यात रिपो) असतो, क्लोन करून, म्हणजे पूर्ण प्रत उतरवून, ठेवता येतो, त्यामुळे मजकूर अडकून पडत नाही. पण विकीवर पुल रिक्वेस्ट (बदल सुचवून मंजुरीला पाठवायची सोय) नाही, आणि डिफॉल्टला संपादन फक्त कोलॅबोरेटर्सना (रिपोत लिहायचा हक्क दिलेल्यांना), म्हणजे एकतर बाईंना थेट रिपोत लिहायचा हक्क द्या नाहीतर अकाउंट असलेल्या कोणालाही विकी मोकळा करा. त्यात सर्च इंजिनला हा विकी दिसायला रिपोवर किमान ५०० स्टार (लोक देतात ती पसंतीची खूण) लागतात आणि संपादन सगळ्यांना खुलं नसावं लागतं. मराठी डिक्शनरीवर ५०० स्टार कधी पडणार? तोवर मराठीत नियम शोधणाऱ्याला तुमचं पान सापडायचंच नाही, आणि मला हे खरंच खटकतं.

मीडियाविकी दमदार आहे यात वाद नाही, आर्च लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा नावाजलेला विकी त्यावरच चालतो, आणि मराठी इंटरफेस ट्रान्सलेटविकी या भाषांतराच्या साइटवरच्या लोकांनी छान केलाय. पण त्याला डेटाबेस लागतो, अपग्रेडला दर वेळी डेटाबेस अपडेटची स्क्रिप्ट चालवायची, एक्स्टेन्शनं जुळवत बसायची. तुमच्यात हे वर्षानुवर्षं करणारा कोणी असेल तर जरूर घ्या, नसेल तर नको.

माझं मत डोकुविकी या फुकट विकी सॉफ्टवेअरला. २००४ पासून चालू आहे, होस्टिंगवर पीएचपी (वेबसाइटसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) असलं की झालं, डेटाबेसची भानगड नाही, प्रत्येक पान म्हणजे साधी टेक्स्ट फाइल आणि जुन्या आवृत्त्या शेजारच्या अ‍ॅटिक फोल्डरमध्ये. उद्या डोकुविकी बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडून वाचाल. मराठी इंटरफेस मात्र मीडियाविकीइतका पूर्ण नाही, हे बाईंना आधीच सांगून ठेवा.

आता इथे देवनागरीवाल्यांनी लक्ष द्यायची एक गोष्ट. डोकुविकी फाइलचं नाव डिफॉल्टला यूआरएल-एन्कोड करून, म्हणजे प्रत्येक बाइटची %E0 अशी तीन अक्षरं करून, ठेवतं. देवनागरीचं एकेक चिन्ह, म्हणजे काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं धरून, तीन बाइटचं असतं आणि एन्कोड झालं की नऊ अक्षरांचं होतं. 'आकारान्त पुल्लिंगी नामांचं सामान्यरूप' एवढंसं नाव घ्या, त्यात ३४ चिन्हं, गुणिले ९ म्हणजे ३०६, आणि लिनक्सवर फाइलचं नाव २५५ बाइटच्या पुढे जात नाही. पान सेव्हच होणार नाही, आणि बाईंना वाटेल आपलंच काहीतरी चुकलं. तेव्हा कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये फाइलनावांचं एन्कोडिंग यूटीएफ-८ (मराठी अक्षरं आहेत तशीच ठेवणारी पद्धत) करा, मग हेच नाव मधल्या तीन रिकाम्या जागा धरूनही १०५ बाइटमध्ये बसतं. आणि हे पहिल्याच दिवशी करा, कारण पानं झाल्यावर बदललंत तर जुनी मराठी नावाची पानं सापडेनाशी होतात.

बाकी सेटअप फार नाही. इन्स्टॉल झाल्यावर इन्स्टॉलची फाइल काढून टाका, डेटा फोल्डर ब्राउझरमधून उघडत नाही ना ते तपासा, वाचायला सगळ्यांना आणि लिहायला फक्त लॉगिनवाल्यांना ठेवा. स्पॅमसाठी कॅप्चा (समोर माणूस आहे की बॉट ते तपासणाऱ्या) प्लगइनमध्ये स्वतःचा प्रश्न टाकता येतो, तिथे "'आंबा'चं अनेकवचन काय?" असं विचारा, आपल्या माणसाला सोपं आणि सरधोपट स्पॅम बॉटला अवघड.

बॅकअपबद्दल मात्र जरा कडक बोलतो. डिसेंबर २०१२ मध्ये पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या विकीवर हल्ला झाला, मॉइनमॉइन या विकी सॉफ्टवेअरमधल्या भोकातून हल्लेखोर आत शिरला आणि पायथॉन आणि जायथॉन (पायथॉनचाच जावावरचा अवतार) दोन्ही विकींचा डेटा पुसून गेला. एवढ्या मोठ्या प्रोजेक्टवर ही वेळ येते. म्हणून रोज रात्री डेटा आणि कॉन्फ ही दोन फोल्डरं दुसऱ्या मशीनवर, त्याच होस्टिंगवर नाही, कॉपी होऊ द्या, आणि दर नव्या आवृत्तीला अपडेट करणाऱ्या माणसाचं नाव आत्ताच ठरवा. 'सगळे बघतील' म्हणालात तर कोणीच बघत नाही.

लायसन्सचं विचारलंत ते बरं केलं. डोकुविकी इन्स्टॉल करतानाच विचारतं, तिथे सीसी बाय-एसए ४.० (मूळ लेखकाचं नाव द्या आणि बदललेलं याच अटींवर वाटा, असं क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स) निवडा. २०१५ पासून त्यातला मजकूर जीपीएल ३ (मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स) खालच्या कामात घ्यायला अधिकृत मुभा आहे, म्हणजे बाईंनी विकीवर लिहिलेले नियम डिक्शनरीत रीतसर जातील. उलट दिशेने ती मुभा नाही, आणि तुमची डिक्शनरी नुसत्या जीपीएल २ वर असेल तर हा रस्ता बंद, ते आधी बघून घ्या. ग्रुपवरचा जुना मजकूर विकीवर हलवायच्या आधी ज्याने त्याने लिहिलंय त्याचा होकार ग्रुपवरच लेखी मागा, आणि जे आता ग्रुपमध्ये नाहीत त्यांना फोन करा.