स्कीचे बूट एक नंबर मोठे घेऊ का?

प्रश्न : जानेवारीत मी आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा स्कीइंग शिकायला गुलमर्गला जाणार आहोत. आम्ही दोघंही सह्याद्रीत नेहमी ट्रेक करतो. ट्रेकचे बूट एक नंबर मोठे घेतो आणि आत दोन मोजे घालतो. स्कीचे बूटही तसेच घ्यायचे का? कॅनडातला माझा भाऊ त्याचे वापरलेले बूट द्यायला तयार आहे. ते आणू की तिथेच भाड्याने घेऊ?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, भावाचे बूट त्याच्याकडेच राहू द्या, आणि एक नंबर मोठे तर मुळीच घेऊ नका. ट्रेकची सवय इथे उलटी पडते. गड उतरताना बोटं आपटू नयेत म्हणून आपण पुढे जागा ठेवतो. स्कीवर मात्र नडगी बुटाच्या पुढच्या भागावर रेलवायची असते, आणि तो दाब बुटातून थेट स्कीपर्यंत पोचावा लागतो. पाऊल आत सरकत असेल तर तुम्ही वळता, स्की वळत नाही. मग माणूस घाबरून मागे झुकतो आणि पडतो. हिवाळ्यात मी गुलमर्गला नव्या मंडळींना बूट बसवून देते. पहिल्याच दिवशी ‘मला हे जमणार नाही’ म्हणणाऱ्यांचे बूट मी आधी तपासते, आणि ते बहुतेक वेळा मोठेच निघतात.

घरून निघण्यापूर्वी एक काम करा. संध्याकाळी टाच भिंतीला टेकवून उभ्या राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये मोजा. २४.५ आलं तर तोच तुमचा नंबर. दुकानात चपलेचा नंबर सांगू नका, हा आकडा सांगा. २४ आणि २४.५ या दोन्हींचं बाहेरचं प्लास्टिकचं कवच बहुधा एकच असतं, त्यामुळे अर्ध्या नंबरासाठी अडून बसायची गरज नाही.

शंका वाटली तर आतला मऊ लायनर काढून मागा. रिकाम्या कवचात पाऊल घाला, बोटं पुढे हलकेच टेकवा आणि टाचेमागची जागा चाचपून बघा. दीड-दोन सेंटीमीटर असली तर उत्तम. तीनच्या आसपास असली तर बूट परत करा. लायनर घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकतील, त्याने बिचकू नका. गुडघे वाकवा, टाच मागे बसेल आणि बोटं मोकळी होतील. टाच उचलून बघा, ती जागची हलता कामा नये. घट्ट हवा म्हणजे दुखरा नव्हे. पाय बधिर झाला किंवा एकाच जागी टोचलं तर दुसरी जोडी मागा, संकोच करू नका.

मोजा एकच, पातळ आणि गुडघ्याखालपर्यंत येणारा. थर्मलची कड बुटात जाऊ देऊ नका. ती नडगीवर दाबली जाते आणि दुपारपर्यंत पाय ठणकायला लागतो.

बुटावर ७०, ९०, १२० असे आकडे दिसतील. तो कडकपणा. तुम्हाला ६० ते ८० पुरे. हा आकडा कंपनीगणिक थोडा बदलतो, आणि थंडीत प्लास्टिक आणखी ताठरतं, म्हणून ‘मजबूत आहे’ म्हणून कडक बूट घेऊ नका. भावाचे बूट नको म्हणण्याचं एक कारण हेच, पुरुषांचे बूट बहुधा जास्त कडक असतात. शिवाय त्या बुटांची उंचीही जास्त असते. बायकांची पोटरी खालपासून भरते, तिथे त्यांची कड रुतते.

मुलासाठीही भाड्यानेच घ्या. पाय वाढतोय म्हणून मोठा बूट दिलात तर त्याला या वर्षी शिकताच येणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. बुटाच्या टाचेजवळ २९५ किंवा ३०५ असा मिलिमीटरचा आकडा असतो. ती तळव्याची लांबी. पडल्यावर बूट स्कीतून सुटतो तो बाइंडिंगमुळे, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीमुळे, आणि ते या लांबीवर, तुमच्या वजन-उंचीवर, वयावर आणि तुम्हाला किती येतं यावर लावून घ्यावं लागतं. दुपारी बूट बदललेत, किंवा मायलेकांनी आपसात बदलले, तर स्की घेऊन दुकानात परत जा आणि बाइंडिंग पुन्हा लावून घ्या. दुकानदार ‘चालेल’ म्हणाला तरी ऐकू नका. बाइंडिंग वेळेवर सुटलं नाही तर गुडघा जातो.


रात्री लायनर काढून खोलीत वाळत ठेवा, पण बुखारीला, म्हणजे खोलीतल्या शेगडीला, चिकटवून नको. कवचही खोलीतच ठेवा. बाहेर गारठलं तर सकाळी त्यात पाय घालणं मुश्कील होतं.