आधी ‘ऑर्बिटल’ नको

हे बघ लेका, विज्ञानकथेत नवा आहेस तर सुरुवातीलाच सामंथा हार्वीच्या ‘ऑर्बिटल’ कादंबरीला हात घालू नकोस. २०२४ चं बुकर मिळालंय, पुस्तक बारीक आहे, सगळं खरं. पण त्यात घडत फारसं काहीच नाही. सहा अंतराळवीर, एक दिवस, पृथ्वीभोवती १६ फेऱ्या. मला फार आवडलं, पण दुसऱ्यांदा वाचल्यावर. सोलापुरी मे महिन्यात दुपारी तर उघडूच नको, पेंगशील. आधी अँडी विअरचं ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ घे. माणसं जरा कागदी आहेत, पण कोडं असं, की कडक भाकरीसारखं कुडुमकुडुम संपवशील. मराठीत नारळीकरांचं ‘प्रेषित’. हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारून बघ. इशिगुरोचं ‘क्लारा अँड द सन’ माझ्याकडून ने. शेंगाचटणीचे डाग पाडू नको.